या बासरीत हा सूरच नाही!

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बाजाची पेटी आहे? असेल तर आज संध्याकाळी एक गंमत करून पाहा. पेटीची मधली एखादी पट्टी दाबा आणि तिच्या सुरात 'आ' लावा. मग एकेक पट्टी खाली उतरत जा. उतरता उतरता एक पट्टी अशी येईल, की पेटी वाजते आहे पण तुमच्या गळ्यातून नुसती हवाच येते आहे. ती तुमची तळाची पायरी. आता तसंच वर चढत जा. वरही एक पट्टी अशी येईल, की आवाज चिरकेल आणि स्वयंपाकघरातून आई विचारील, "काय रे, लागलं का कुठे?" ती तुमची शेवटची पायरी. या दोन पायऱ्यांच्या मधे जेवढे सूर सापडले, तेवढी तुमच्या गळ्याची धाव.

गळ्याची जशी धाव असते, तशी प्रत्येक वाद्याचीही असते. बासरीची वेगळी, व्हायोलिनची वेगळी, पेटीची वेगळी. तुम्ही म्हणाल, "यात काय मोठंसं? हे तर कुणालाही कळेल!" खरं आहे. पण इतकी साधी गोष्ट मला मात्र पन्नाशीला टेकल्यावर कळली, आणि तीसुद्धा सहावीतल्या एका मुलाकडून. त्याचीच ही हकीगत.

मी बँकेत नोकरी करणारा माणूस. संगीत हा माझा छंद. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलो आणि अलीकडे संगणकावर गाणी लिहायला शिकलो. गाणी लिहायची म्हणजे शब्द नव्हेत हं, सूर लिहायचे. कोणत्या वाद्यानं कोणता सूर किती वेळ वाजवायचा ते पडद्यावर मांडायचं, आणि बटण दाबलं की संगणक ते वाजवून दाखवतो. घरात एकही व्हायोलिन नाही, पण खोलीत दहा व्हायोलिनं वाजताहेत! मला तर या खेळाचं वेडच लागलं होतं.

२०२३ सालच्या सप्टेंबरात आमच्या गावच्या शाळेतल्या संगीताच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "या वर्षी स्नेहसंमेलनाची सुरुवात आपल्याच मुलांच्या गाण्यानं करायची आहे. शब्द आमच्या मराठीच्या सरांनी लिहिलेत. चाल आणि वाद्यांचं तुम्ही बघाल का?" मी लगेच हो म्हणालो. शाळेत वाद्यं वाजवणारी मुलंही होती. नववीतल्या दोघी व्हायोलिन वाजवायच्या. पेटीवर स्वतः बाई. सहावीतला एक चिमुरडा बासरी वाजवायचा. आणि गाणार होता आठवीतला एक मुलगा. त्याचा आवाज असा खणखणीत, की प्रार्थनेच्या वेळी तो शेवटच्या रांगेत उभा असला तरी पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येई.

मी चाल बांधली. सगळे शुद्ध स्वर. चाल तार सप्तकातल्या सा पर्यंत चढते आणि शेवटच्या ओळीत हळूहळू उतरत मंद्र सप्तकातल्या प वर येऊन थांबते. गायकाचा सा 'पांढरी एक' ठरला. ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांना एक ते सात आणि काळ्या पट्ट्यांना एक ते पाच असे नंबर असतात. मग पुन्हा वरच्या सप्तकात तेच नंबर सुरू. गवई 'माझी काळी एक' किंवा 'माझी पांढरी चार' म्हणतो, तेव्हा त्याचा सा त्या पट्टीवर असतो.

आता गंमत बघा. व्हायोलिनच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार इंग्रजी पद्धतीनं 'पांढरी पाच'ला लावतात. आपल्याकडे रागसंगीत वाजवणारे तारा वेगळ्या लावतात, पण आमच्या दोघी मुली इंग्रजी पद्धतीनंच शिकत होत्या. त्या तारेच्या खाली व्हायोलिनमध्ये एकही सूर नाही. आणि आमच्या गाण्याचा सर्वांत खालचा सूर, म्हणजे मंद्र प, नेमका त्याच तारेवर येत होता. छोट्याची बासरीही पांढरी एकची. बासरीची सहाही छिद्रं बोटांनी बंद केली की मंद्र प वाजतो, आणि वरची तीन बंद ठेवून खालची तीन उघडली की सा. म्हणजे तिच्याही तळाशी प! बासरी गायकाच्या एक सप्तक वर वाजणार होती, एवढाच फरक. भांडं काठोकाठ भरावं तसं गाणं सगळ्या वाद्यांत बरोबर बसलं होतं. मी ते मोजूनमापून केलं नव्हतं, योगायोगानं झालं होतं. पण तेव्हा ते मला कुठे ठाऊक होतं? मी आपला माझ्याच हुशारीवर खूश!

दिवाळीच्या सुटीपर्यंत तालमी झकास झाल्या. सुटी संपून शाळा उघडली आणि पहिल्याच तालमीत आमच्या गायकानं 'सा' लावला. दोस्तांनो, काय सांगू! सायकलच्या साखळीत फडकं अडकावं तसा आवाज निघाला. मुलं हसली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तो लालबुंद झाला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्याचा आवाज फुटला होता. तुमच्यापैकी आठवी-नववीतल्या मुलांना हे सांगायला नको. या वयात गळ्यातला स्वरयंत्राचा डबा मोठा होतो, म्हणूनच तर मुलांच्या गळ्यावर पुढे आलेला कंठमणी दिसू लागतो. त्याच्या आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. सतारीची किंवा व्हायोलिनची जाड तार खालचा सूर देते ना, तसंच हे. काही महिन्यांत मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा आवाजही बदलतो, पण थोडाच. हा आजार नाही, आणि आवाज 'गेला' असंही नाही. पण ते त्या वेळी त्या मुलाला कोण समजावणार? तो बाईंना म्हणाला, "दुसऱ्या कुणाला घ्या. मला आता गाता येत नाही."

बाई माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, "हात्तिच्या! एवढंच ना? गाणं खाली आणू. संगणकाला एका मिनिटाचं काम." आणि खरोखरच एका मिनिटात मी सबंध गाणं चार पट्ट्या खाली आणलं. पांढरी एकवरून पांढरी सात, काळी पाच, पांढरी सहा आणि काळी चार. आता सा काळी चारवर. गायकाला ते झेपलं. तो पुन्हा गायला तयार झाला. सगळं कसं सोपं! पण खरी गडबड इथूनच सुरू झाली.

रात्री मी बटण दाबून गाणं ऐकू लागलो. पडद्यावर व्हायोलिनच्या ओळीत काही सुरांची टिंबं लाल झालेली दिसली. मला वाटलं, संगणकाची काहीतरी लहर असेल. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत आलं. व्हायोलिनं छान गजानं वाजत होती, आणि अचानक ती गप्प झाली. पुढच्याच क्षणी सगळी व्हायोलिनं गज सोडून बोटांनी तारा छेडल्यासारखी टुण्‌टुण् वाजू लागली! पुन्हा सुरुवातीपासून लावलं, तर तिथेही टुण्‌टुण्! मी संगणक बंद करून चालू केला. पुन्हा शेवटच्या ओळीत तोच प्रकार. संगणकात व्हायरस शिरला की काय, अशी मला शंका आली.

उलगडा व्हायला दोन रात्री लागल्या. तो नीट ऐका, कारण त्यात संगणकातल्या वाद्यांचं सगळं गुपित आहे.

संगणकातलं व्हायोलिन म्हणजे काय? एखाद्या खऱ्या वादकाला स्टुडिओत बसवून त्याच्याकडून एकेक सूर वाजवून घेतात. हळू, जोरात, गजानं, बोटांनी छेडून, अशा अनेक तऱ्हांनी. हे सगळे सूर ध्वनिमुद्रित करून ठेवतात. आपण सूर लिहिला, की संगणक त्या कोठारातून नेमका तो सूर काढून वाजवतो. कधी कधी कोठारात सगळे सूर नसतात. मग जवळचा सूर जरा जलद किंवा सावकाश फिरवून वर-खाली करतात. तुमच्या आईबाबांना आठवत असेल, टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की कॅसेटमधली गायिका एकदम पुरुषासारखी गाऊ लागायची! तोच प्रकार. एखादी पट्टी वर-खाली केलं तर कानाला कळत नाही. फार ताणलं, तर व्हायोलिनचा बेडूक होतो.

आता दुसरी गोष्ट. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं आणि संगणक यांना एकमेकांशी बोलता यावं, म्हणून १९८३ साली एक सामाईक भाषा आली. तिचं नाव मिडी. या भाषेत प्रत्येक सुराला नंबर असतो, ० ते १२७. म्हणजे एकूण १२८ सूर. मधली पांढरी एक म्हणजे नंबर ६०. पियानोला ८८ पट्ट्या असतात, त्यांचे नंबर २१ ते १०८. म्हणजे पियानोसारखं लांबलचक वाद्य घेतलं तरी दोन्ही बाजूंना नंबर उरतातच. मग व्हायोलिनचं तर विचारूच नका. त्याचा सर्वांत खालचा सूर म्हणजे नंबर ५५. त्याच्या खालचे नंबर व्हायोलिनच्या काय कामाचे?

वाद्य बनवणाऱ्यांनी विचार केला, या रिकाम्या पट्ट्या फुकट कशाला घालवायच्या? म्हणून त्यांतल्या काही पट्ट्यांना त्यांनी सुराऐवजी हुकूम दिले. ही पट्टी दाबली की 'आता गजानं वाजव', ती दाबली की 'आता बोटांनी छेड'. या पट्ट्यांतून स्वतः आवाज येत नाही. त्या फक्त हुकूम सोडतात आणि वाद्य तो पाळतं. नवा हुकूम मिळेपर्यंत पाळतच राहतं!

आलं लक्षात? गाणं चार पट्ट्या खाली आणल्यावर शेवटच्या ओळीतला मंद्र नि नेमका ५५ वर आला, म्हणजे तो कसाबसा वाचला. पण ध झाला ५३ आणि प झाला ५१. दोघेही व्हायोलिनच्या घराबाहेर! मी तिथे सूर लिहिला होता, आणि संगणकाला वाटलं मी हुकूम सोडतोय. शेजारच्या घराची घंटा चुकून वाजवावी आणि तिथला कुत्रा अंगावर यावा, तशी माझी गत झाली होती.

म्हणजे ती लाल टिंबं ही लहर नव्हती. 'अहो, हा सूर या वाद्यात नाही,' असं संगणक मला ओरडून सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. म्यूझस्कोअर नावाचा एक सूरलेखनाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात तर असे दोन रंग आहेत. नवशिक्याला जड जाईल तो सूर गडद पिवळा, आणि कसलेल्या वादकाच्याही धावेबाहेरचा तो लाल.

मी व्हायोलिनची शेवटची ओळ एक सप्तक वर नेली. लाल टिंबं काळी झाली. टुण्‌टुण् थांबलं. सबंध पानावर एकही लाल ठिपका नाही. मी खूश होऊन कागद छापले, दुसऱ्या दिवशी मुलांना वाटले, आणि म्हणालो, "आठ दिवसांत बसवा. संगणकानं तपासून दिलंय, एकही चूक नाही!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, दोस्तांनो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आठ दिवसांनी मी तालमीला गेलो. व्हायोलिनं ठीक, पेटी ठीक, गायक ठीक. बासरी मात्र ऐकूच येईना. छोटा बासरीवाला बासरी ओठांना लावून बसला होता, बोटं हलत होती, पण फुंकर नाही. मी म्हणालो, "अरे, वाजव की!" तो मान खाली घालून म्हणाला, "काका, मला जमत नाही. मी रोज दोन तास बसतो. शेवटची ओळ तर येतच नाही."

त्याच्या हातातली बासरी मी पाहिली आणि चकितच झालो. बासरीच्या खालच्या टोकाला त्यानं पुठ्ठ्याची एक नळी चिकटपट्टीनं जोडली होती.

"हे काय रे?"

"लांब बासरीतून खालचा सूर निघतो ना, म्हणून लांब केली. पण नुसतं फुस्स होतं." मग त्यानं जरा धीर करून हळूच विचारलं, "काका, या बासरीत हा सूरच नाही, असं तर नसेल ना?"

मी कागद हातात घेतला. बासरी गायकाच्या एक सप्तक वर, तरी शेवटच्या ओळीत तो मंद्र प होताच. नव्या हिशेबानं तो काळी दोनवर गेला होता. आणि या बासरीची सहा छिद्रं बंद केली तर पांढरी पाचच वाजणार. त्याच्या खाली काही नाही. काही म्हणजे काहीच नाही! तो सूर त्या बासरीत नव्हताच. स्वतः हरिप्रसाद चौरसिया येऊन बसले असते, तरी त्या बासरीतून तो काढू शकले नसते.

मग संगणकानं लाल रंग का दाखवला नाही? कारण सरळ होतं. माझ्या यादीत आपली बांबूची बासरी नव्हती, म्हणून मी 'फ्लूट' निवडला होता. फ्लूट म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातली धातूची बासरी. तिला अनेक कळा असतात आणि ती खाली मधल्या पांढरी एकपर्यंत जाते. संगणकानं फ्लूटसाठी कागद तपासला होता आणि तो बरोबर होता. पण मुलाच्या हातात फ्लूट नव्हता. त्याच्या हातात जत्रेत घेतलेली, वीतभर बोटांना पुरेल एवढी, पांढरी एकची बासरी होती. ते मी संगणकाला सांगितलंच नव्हतं, आणि मुलालाही विचारलं नव्हतं.

आणि एवढंच नाही. नव्या पट्टीत त्याला बाकीचे सूरही जड गेले होते. काळी चारचा सा धरला, तर त्या बासरीवर सातांपैकी पाच सूर अर्धी छिद्रं दाबून काढावे लागतात. अर्धं छिद्र दाबून सुरेल वाजवणं मोठ्यांनाही कठीण. ते हे पोर आठ दिवस करत होतं, आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होतं. का? तर मी म्हणालो होतो, 'संगणकानं तपासून दिलंय, एकही चूक नाही!'

मी त्याच्याशेजारी सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, "नाही रे बाळा. या बासरीत हा सूर नाही. तुझं चुकलं नाही, माझं चुकलं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की त्याच्या पाठीवरची गोणी कुणी उतरवावी.

पण आता करायचं काय? बासरीवादकांच्या पिशवीत एक नव्हे, चांगल्या आठ-दहा बासऱ्या असतात, प्रत्येक पट्टीची वेगळी. काळी चारची बासरी आणली तर प्रश्न मिटला असता. म्हणून आम्ही दोघं बाजारपेठेच्या टोकाला राहणाऱ्या बासरीवाल्या आजोबांकडे गेलो. जत्रेत बासऱ्या विकायचे ते हेच. त्यांनी काळी चारची बासरी काढून दिली. मुलानं ती हातात घेतली, पण ती होती लांब, आणि छिद्रांमधलं अंतरही जास्त. त्याची चिमुकली बोटं तिथवर पोचेनात.

बासरी लांब करून खालचे सूर मिळवायची कल्पना काही वेडेपणाची नाही बरं का! पंडित पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी नेमकं तेच केलं होतं. त्यांच्या आधी बासरी लहान आणि चिमुकल्या आवाजाची असे. त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी घडवली, तिला सातवं छिद्र जोडलं, आणि रागसंगीतातला गंभीर आलाप बासरीवर येऊ लागला. तिकडे पॅरिसमध्ये व्हियोम नावाच्या कारागिरानं १८५० च्या सुमारास 'ऑक्टोबास' नावाचं तीन तारांचं एक राक्षसी व्हायोलिन बनवलं. उंची सुमारे साडेतीन मीटर! तारा दाबायला हात पोचेना, म्हणून त्याला कळा आणि पायानं दाबायच्या पट्ट्या बसवल्या. ऑस्ट्रियातली बोझेनडॉर्फर कंपनी ८८ ऐवजी ९७ पट्ट्यांचा पियानो बनवते. वाद्याची धाव वाढवण्यासाठी माणसानं अशा किती खटपटी केल्या आहेत! आमच्या छोट्याची पुठ्ठ्याची नळी त्याच जातीची. फक्त त्याच्याजवळ वेळ होता आठ दिवसांचा आणि सामान होतं वहीच्या पुठ्ठ्याचं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलाची जुनी बासरी हातात घेतली, पुठ्ठ्याची नळी काढून हसत हसत त्याच्या खिशात ठेवली, आणि मला म्हणाले, "साहेब, काळी चारच कशाला पाहिजे? अजून एक पट्टी खाली उतरा की! पांढरी पाच करा. पोराच्या बासरीत सगळी भोकं मिटली का सा. मग बोटं सरळ उचलत जायची. अर्धं भोक नको, न् काही नको."

मी बोटं मोजून पाहिली. सगळी बंद, सा. एक उघडं, रे. दोन उघडी, ग. मग म, प, ध, आणि सहाही उघडी, की शुद्ध नि! सातही सूर पुऱ्या छिद्रांवर. गाण्यात एकच पट्टी खाली उतरायचं, आणि जी बासरी आठ दिवस वाजत नव्हती ती आपोआप वाजणार. आजोबांना स्टाफ नोटेशन ठाऊक नव्हतं, मिडी ठाऊक नव्हतं. पण त्यांना बासरी ठाऊक होती.

इथे मला आणखी एक गोष्ट उमगली. पंडित भातखंड्यांनी (१८६०–१९३६) आपल्याकडे जी स्वरलिपी रूढ केली, तिच्यात मंद्र सुराच्या खाली टिंब देतात, तार सुराच्या डोक्यावर टिंब देतात, आणि मधल्या सप्तकाला काहीच नाही. पण सा कोणत्या पट्टीचा, ते तिथे लिहिलेलं नसतं. ज्याला जो सोयीचा, तो त्याचा सा. पाश्चात्त्य पद्धतीत पाच रेघांवर टिंब जिथे बसलं, तिथे सूर ठरला. म्हणूनच संगणकाला तो तपासता येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चांगल्या. पण भातखंडे पद्धतीत वाजवणाऱ्याला 'तुझा सा कोणता?' हे विचारल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. मी तेवढंच विसरलो होतो.

घरी येऊन मी गाणं एक पट्टी खाली आणलं. आणखी एक काम केलं. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वाद्याची धाव आपल्याला स्वतःला लिहिता येते. मी 'फ्लूट' हे नाव खोडलं, तिथे मुलाच्या बासरीचं नाव घातलं, आणि खालची मर्यादा पांढरी पाच लिहिली. झालं! शेवटच्या ओळीतली तीन टिंबं लगेच लाल झाली. नि, ध आणि प. संगणक बिचारा आता खरं बोलत होता. त्याला खरी माहिती मिळाली होती ना!

ती तीन टिंबं मात्र तशीच उरली. बासरीत ते सूर नाहीत. व्हायोलिनचीही जाड तार आता सा झाली, म्हणजे तिथेही ते नाहीत. वर नेऊन वाजवता आले असते, पण मग गाणं जमिनीवर टेकल्यासारखं वाटेना. दोन दिवस मी डोकं खाजवत बसलो. शेवटी तालमीत बाईंनीच विचारलं, "अहो, पण हे सूर सगळ्यांनी वाजवायलाच हवेत का?"

आमचा गायक पेटीजवळ उभा होता. बाईंनी त्याला पेटीवर तो मंद्र प दिला. त्यानं डोळे मिटून सूर लावला. दिवाळीपूर्वी हा सूर त्याला कधीच मिळाला नसता, तो त्याच्या धावेच्या फार खाली होता. आता तो लागला. थोडा घोगरा होता, थोडा थरथरत होता, पण लागला. खोलीत कुणी हसलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि आपल्याच गळ्याला हात लावून पाहिला. इतके दिवस तो वरचे सूर गेले म्हणून रडत होता. खाली नवे सूर आले आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डिसेंबरच्या अखेरीस स्नेहसंमेलन झालं. बासरी स्वच्छ वाजली. शेवटच्या ओळीला व्हायोलिनं थांबली, बासरी थांबली, आणि त्या मुलाचा एकट्याचा आवाज पेटीच्या सुराबरोबर पायरी पायरी उतरत प वर येऊन थांबला. माझ्या मागच्या रांगेत त्याचे बाबा बसले होते. ते शेजाऱ्याला विचारत होते, "आमचाच आहे का हो हा?"

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. गाणं लिहायला बसण्याआधी वाजवणाऱ्यापाशी जायचं आणि विचारायचं, "तुझ्यापाशी कोणते सूर आहेत? वाजवून दाखव." मग लिहायचं. संगणक वापरतोच, आणि तुम्हीही जरूर वापरा. फार मजेचं साधन आहे ते. पण लाल रंग दिसला तर दुर्लक्ष करू नका, आणि लाल रंग दिसला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. आपण त्याला जे वाद्य सांगितलं, तेवढंच त्याला माहीत असतं.

आणि एक तुमच्यासाठी. एखादी गोष्ट आठ दिवस करूनही जमली नाही, तर आपण ढ आहोत असं ठरवून कोपऱ्यात बसू नका. आधी उठून विचारा, "काका, या बासरीत हा सूर आहे ना?" पहिल्याच दिवशी विचारा. आमच्या छोट्यानं आठव्या दिवशी विचारलं, पण विचारलं. म्हणून तर मला माझी चूक कळली.

आईबाबांनो, तुम्ही वाचत असाल तर तुम्हांलाही एक विनंती. मूल म्हणालं, "मला जमत नाही," तर रागावण्याआधी त्याच्या हातातला कागद एकदा बघा.

ती पुठ्ठ्याची नळी अजून माझ्या टेबलावर आहे. बक्षीस समारंभानंतर मी ती त्याच्याकडून मागून घेतली. तो म्हणाला, "काका, ती तर फुकट गेली."

मी म्हणालो, "नाही रे. तुझ्या बासरीला तिचा उपयोग झाला नाही, पण मला झाला."